कामाच्या लॅपटॉपला ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?

सन 2025 च्या दिवाळींत आमच्या घरीं फराळापेक्षां एका लॅपटॉपचीच चर्चा अधिक झाली. सूनबाई घरीं बसून भाषांतराचें काम करतात. त्यांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा असला तरी धडधाकट आहे. परंतु त्यावरील विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपली होती. पुतण्या म्हणाला, "काका, नवा लॅपटॉप घेऊन टाकूं, म्हणजे प्रश्नच मिटला." नात म्हणाली, "आजोबा, ह्याच्यावरच लिनक्स घालूं. एक पैसाही लागणार नाहीं." सूनबाई तेवढ्या शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, माझें काम एक दिवसही खोळंबतां कामा नये. आणि तुमचीं व्याकरणाचीं टिपणें ह्याच लॅपटॉपांत आहेत, हें विसरूं नका."

एकीकडे पन्नास हजारांचा खर्च, दुसरीकडे वीस वर्षांचें लेखन. तेव्हां मलाही या विषयांत लक्ष घालावें लागलें. जें समजलें तें इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहें.

ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राची कारभारीण होय. एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या जिच्याजवळ असतात, ती कोणास काय व केव्हां द्यावयाचें तें ठरविते. त्याचप्रमाणें कळफलक, पडदा, मेमरी व प्रिंटर यांचा व्यवहार ही सांभाळते. आणि आपण ज्यांत लिहितों वा हिशेब ठेवतों, ते प्रोग्राम तिच्या आश्रयानें चालतात. देखभाल संपली म्हणून यंत्र बंद पडत नाहीं; परंतु नव्यानें सांपडणारीं भोकें बुजविलीं जात नाहींत, व त्या वाटेनें चोर शिरण्याचें भय वाढत जातें. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव मुदत देण्यांत आली होती; ती विचार करण्यापुरती सवड होती, इतकेंच.

एका नैयायिकाची गोष्ट संस्कृत पाठशाळांतून सांगतात. तुपाला भांड्याचा आधार, कीं भांड्याला तुपाचा, ही शंका फेडण्यासाठीं त्यानें भांडें उपडें केलें, आणि तूप गमावलें! ऑपरेटिंग सिस्टिम निवडतांना आपणही तेंच करतों. भांडें आधीं पाहतों; तूप, म्हणजे आपलें काम, मागून आठवतें. यास्तव प्रथम एका कागदावर आपलीं कामें लिहावीं, प्रत्येकापुढें लागणारा प्रोग्राम लिहावा, आणि मगच निवडीकडे वळावें.

पुतण्या टॅलीवर हिशेब ठेवतो. तो प्रोग्राम विंडोजसाठींच केलेला असल्यानें त्यानें विंडोज सोडण्यांत अर्थ नाहीं. मात्र 2021 साली निघालेल्या विंडोज 11 ला टी.पी.एम. 2.0 ही सुरक्षेची व्यवस्था, निदान 4 जी.बी. मेमरी, 64 जी.बी. साठवण आणि मान्य यादींतील प्रोसेसर लागतो. सूनबाईंच्या लॅपटॉपचा प्रोसेसर त्या यादींत बसला नाहीं. मॅकओएस ही ॲपलच्याच यंत्रावर चालावयाची. ती निवडणें म्हणजे नवें यंत्र घेणें आलेंच. राहिली लिनक्स. तिचा गाभा हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें 1991 साली लिहिला. आज ती उबुंटू, मिंट, डेबियन अशा अनेक रूपांत मोफत मिळते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं निघते, व तिची देखभाल पांच वर्षें होते. ही केवळ तज्ज्ञांची वस्तु, असा माझा समज होता. परंतु केरळांतील सरकारी शाळांतून मुलें तिच्यावरच शिकतात हें कळल्यावर माझ्यांतील शिक्षकाचा तो समज गळून पडला.

नातीनें उबुंटू एका पेनड्राइव्हवर घेतली व मूळच्या डिस्कला हात न लावतां सूनबाईंकडून आठवडाभर काम करून घेतलें. प्रिंटर चालला. लिब्रेऑफिसमध्यें मजकूर नीट उघडला. एका लांब कोष्टकाची मांडणी मात्र विसकटली. सूनबाईंनीं ग्राहकांस विचारतां, तशी कोष्टकें क्वचितच येतात असें कळलें. तीं पुतण्याच्या यंत्रावर करावयाचें ठरलें. असे अडथळे बदलापूर्वीं दिसलेले बरे.

खरी अडचण माझ्या टिपणांची निघाली. तीं मीं एका जुन्या देवनागरी फॉन्टमध्यें लिहिलीं होतीं. तो फॉन्ट नसतां फाइल उघडली, तों धातु व प्रत्यय यांच्या जागीं रोमन अक्षरांचा गोंधळ! कारण जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसवीत, व प्रत्येकाची तऱ्हा निराळी. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमांत एकच. सूनबाईंनीं रूपांतर केलें. पण रफार व जोडाक्षरें जागोजाग मोडलीं. दोन महिने रोज संध्याकाळीं मी वाचीत गेलों आणि त्या दुरुस्त करीत गेल्या. आतां मीही इनस्क्रिप्ट कळफलक शिकलों आहें. त्यांत डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनें, आणि क व ख एकाच कळीवर. ज्यास वर्णमाला पाठ आहे, त्यास तो परका वाटत नाहीं.

सूनबाई आज लिनक्सवर काम करतात, पुतण्या विंडोजवर. आणि घरांत कोणाचेंच चुकलेलें नाहीं. वाचकांस माझी एकच विनंति आहे. कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. परंतु बदल करण्यापूर्वीं सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती उघडून पाहा, आणि जुन्या फॉन्टांतील मराठी लेखन असल्यास तें आजच युनिकोडमध्यें आणा. तें मोडलेलें कोठें आहे, हें ओळखणारी माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम नीट होईल.