ठेव पत्नीच्या नावावर, कर मात्र पतीच्या माथी!

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम असो, जुने घर विकून आलेले पैसे असोत किंवा वर्षाअखेरीस मिळालेला बोनस. गुंतवणुकीचा विषय निघाला की मध्यमवर्गीय घरात एक सल्ला हमखास मिळतो. 'ठेव वहिनींच्या नावाने करा, म्हणजे व्याजावर कर बसणार नाही!' सल्ला देणारा कधी शेजारी असतो, कधी कार्यालयातील सहकारी, तर कधी खुद्द बँकेतील कर्मचारी. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर निवासी व्यक्तीला सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. त्यामुळे तर ज्या गृहिणीला स्वतःचे उत्पन्न नाही, तिच्या नावे ठेवी वळवण्याचा मोह अधिकच वाढला आहे. प्राप्तिकर कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. पैसा आज कोणाच्या नावावर आहे एवढेच कायदा पाहत नाही. तो मूळ कोणाचा होता, हेही पाहतो.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला प्रश्न, पत्नीला पैसे दिले तर त्या रकमेवर कर लागतो का? याचे उत्तर 'नाही' असे आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे अशा कायद्याने ठरवून दिलेल्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट, रक्कम कितीही असली तरी, घेणाऱ्याच्या हाती करमुक्त असते. दुसरा प्रश्न, त्या भेटीतून पुढे जे उत्पन्न होईल त्यावर कर कोणी भरायचा? पती-पत्नीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे : ज्याने भेट दिली त्याने. पुरेसा मोबदला न घेता जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. सनदी लेखापाल यालाच 'क्लबिंग' म्हणतात. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ६४ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हे तत्त्व कायम आहे.

एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचे करपात्र उत्पन्न २४ लाखांहून अधिक आहे. नव्या कररचनेत त्यापुढील उत्पन्नावर ३० टक्के दराने कर लागतो. त्यांनी २० लाख रुपये पत्नीला भेट दिले आणि तिने ते ७ टक्के व्याजाने मुदत ठेवीत गुंतवले. वर्षाचे व्याज झाले १ लाख ४० हजार रुपये. पत्नीला दुसरे उत्पन्न नसल्याने कर शून्य, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात हे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवावे लागते. त्यावर ३० टक्क्यांप्रमाणे ४२ हजार रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे १,६८० रुपये, असे एकूण ४३,६८० रुपये पतीलाच भरावे लागतात.

व्याजावरचे व्याज पत्नीचे

मग पत्नीच्या नावे गुंतवणूक करण्यात काहीच अर्थ नाही का? तसे मुळीच नाही. क्लबिंगचा नियम भेट दिलेल्या मूळ रकमेच्या उत्पन्नापुरता आहे. ते उत्पन्न पुन्हा गुंतवले, तर त्यातून येणारे उत्पन्न पत्नीचे स्वतःचे मानले जाते. वरील उदाहरणात पहिल्या वर्षीचे १ लाख ४० हजार रुपये पुन्हा ७ टक्क्यांनी गुंतवले, तर पुढील वर्षी त्यावर मिळणारे ९,८०० रुपये पत्नीच्या उत्पन्नात धरले जातात. दरवर्षीचे व्याज असेच गुंतवत गेल्यास आणि व्याजदर तोच राहिल्यास १० वर्षांअखेर पत्नीचा स्वतंत्र निधी सुमारे १९ लाख ३४ हजार रुपयांचा होतो. त्यावरील वर्षाचे सुमारे १ लाख ३५ हजार रुपये व्याज निखळ तिचे. पहिल्या वर्षी कर वाचत नाही, पण संयम ठेवल्यास कायद्याच्या चौकटीतच तिचे स्वतंत्र उत्पन्न उभे राहते.

यासाठी हिशेब मात्र चोख हवा. मुद्दल आणि व्याज एकाच ठेवीत मिसळत गेले, तर काही वर्षांनी कोणते व्याज कशाचे, हे सांगणे अवघड होते. मूळ भेटीची ठेव वेगळी ठेवावी, तिचे व्याज पत्नीच्या स्वतंत्र बचत खात्यात जमा करावे आणि त्या खात्यातूनच नवी गुंतवणूक करावी. भेट रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी व साधे दानपत्र लिहून ठेवावे. पत्नीचे स्त्रीधन, माहेरहून आलेली रक्कम किंवा तिची स्वतःची कमाई यांच्या उत्पन्नाला हा नियम लागू होत नाही. म्हणूनच हा पैसा पतीने दिलेल्या पैशापासून वेगळा ठेवणे तिच्याच हिताचे असते.

सून, मुले आणि आई-वडील

पत्नीप्रमाणेच सुनेला दिलेल्या भेटीचे उत्पन्नही सासू किंवा सासरे, जे भेट देतील त्यांच्या उत्पन्नात धरले जाते. अज्ञान मुलाच्या नावे असलेल्या ठेवीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. ती ठेव आजोबांनी ठेवली असली, तरी कर आजोबांना नव्हे, मुलाच्या आईला किंवा वडिलांना भरावा लागतो. मुलाने स्वतःच्या श्रमातून वा कौशल्यातून मिळवलेल्या उत्पन्नाला मात्र हा नियम लागू नाही.

याउलट १८ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला वा मुलीला, तसेच आई-वडिलांना दिलेल्या भेटीचे उत्पन्न त्यांचेच मानले जाते. येथे एक सावधगिरी हवी. आईच्या नावे केलेली ठेव तिच्या पश्चात सर्व कायदेशीर वारसांची होते. बँकेत नामनिर्देशन आपल्या नावे आहे म्हणून रक्कम आपलीच, असे समजू नये. आईने मृत्युपत्र केलेले असणे सर्वांच्याच सोयीचे.

घराच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. महाराष्ट्रात २०२१ मध्ये महिलांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत सुरू झाली आणि अनेक कुटुंबांनी सदनिका पत्नीच्या नावे घेतल्या. ती सवलत रास्तच आहे. मात्र पैसा पतीचा असेल, तर त्या सदनिकेचे भाडे आणि पुढे विक्रीतून होणारा भांडवली नफा पतीच्या उत्पन्नात येतो.

आडवाटा कोणत्या?

'मी तुझ्या पत्नीला भेट देतो, तू माझ्या पत्नीला दे' ही दोन भावांमधील युक्ती जुनीच आहे. अशा परस्पर व्यवहारांना कायदा अप्रत्यक्ष हस्तांतर मानतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सी. एम. कोठारी प्रकरणात तसा निर्णय दिला होता. पत्नीला खरोखर कर्ज दिले आणि तिने वाजवी व्याज प्रत्यक्ष फेडले, तर मात्र तो पुरेशा मोबदल्याचा व्यवहार ठरतो. अर्थात, ते व्याज पतीचे उत्पन्न होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा मार्ग अधिक सरळ आहे. पत्नीच्या खात्यात वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत रक्कम भरता येते आणि तेथील व्याजच करमुक्त असल्याने ते पतीच्या उत्पन्नात आले, तरी कर वाढत नाही.

'हे कोणाला कळणार?' असा प्रश्न काही जण विचारतात. २०२१ पासून वार्षिक माहिती पत्रक उपलब्ध आहे. बँकांचे व्याज, लाभांश आणि मोठ्या खरेदीची नोंद त्यात पॅन क्रमांकानिशी येते. गृहिणीच्या नावे मोठी ठेव दिसली, तर पैसा कोठून आला हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित होतो. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के आणि चुकीची माहिती देऊन उत्पन्न दडवल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. मागील वर्षांत अशी चूक झाली असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरून ती सुधारता येते. २०२५ मध्ये त्यासाठीची मुदत २४ वरून ४८ महिने करण्यात आली. जादा कर भरावा लागतो, पण विलंब जितका कमी तितका भार कमी.

विवरणपत्र भरताना पतीने पत्नीच्या नावावरील असे व्याज जोडीदाराच्या उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावे. त्यामुळे वर्षाचा उर्वरित कर १० हजार रुपये किंवा अधिक होत असेल, तर आगाऊ कर वेळेवर भरावा. अन्यथा व्याजाचा भुर्दंड पडतो.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिलेली भेट ही खरीखुरी भेट असते. पत्नीच्या नावे केलेली रक्कम कायद्याने तिच्या मालकीची होते. कर पतीने भरला म्हणून मालकी परत येत नाही. कर वाचावा म्हणून नव्हे, तर आपल्या पश्चात तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ही ठेव करावी. तसे केल्यास दरवर्षी भरावा लागणारा कर जड वाटणार नाही.