वखरामागचा नीलपंख

बडनेरा स्टेशन मागे टाकून मालखेडच्या दिशेने रुळांना समांतर जाणारी पांदण धरली, की थोड्याच वेळात वस्ती संपते आणि वावरं लागतात. भुसावळकडून नागपूरला जाणारी ही रेल्वे 1867 सालची. भरावासाठी खणलेल्या मातीचे खड्डे रुळांच्या कडेला ठिकठिकाणी आहेत. पावसाळ्यात ते भरतात आणि पाऊस बरा झाला तर पौषापर्यंत पाणी धरून ठेवतात. त्यांना कुणी तळं म्हणत नाही, त्यांना नावही नाही. पण हिवाळ्यातल्या एका सकाळी अशाच एका खड्ड्याच्या काठावर मला लाल पायांचे शेकाटे, दोन जातींचे धोबी, एक तुतवार आणि खंड्या एकाच वेळी दिसले. तेव्हापासून माझं फोटो काढण्याचं रान हेच. रुळांवर चढायचं नाही, ते धोक्याचंही आहे आणि गुन्हाही. वावराच्या बाजूने, धुऱ्यावर बसायचं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. सोयाबीन निघालं होतं, विजेच्या तारांवर नीलपंख येऊन बसू लागले होते. लोक त्याला नीळकंठ म्हणतात आणि दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात. तारेवरच्या नीलपंखाचा फोटो मात्र नेहमी फसतो. मागे पांढरं आभाळ, पुढे काळी तार आणि मधे मातकट दिसणारं पाखरू. त्याची निळाई पंख मिटले की बरीचशी दडते. मी खालून लेन्स लावून उभा असताना वावराचे मालक जवळ आले.

“कायचा फोटो काढून रायले जी?”

मी बोटाने दाखवलं.

“हा? हा तं रोजच असते इथं. उद्या वखर हाये आमच्या वावरात. सकायी येजा, मंग पाहा कसे खाली उतरतीन ते.”

फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात मला हे वाक्य मिळालं नसतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी धुऱ्यावरच्या बोरीला पाठ टेकून बसलो, सूर्य पाठीशी येईल असा. जुन्या पँटचा एक पाय शिवून त्यात सरकी भरलेली पिशवी मी सोबत नेतो. तिच्यावर लेन्स ठेवली की ती हलत नाही, शिवाय ओझंही होत नाही. बैल जुंपले गेले, वखराची पास जमिनीत उतरली आणि काळी माती उलटू लागली. आधी गायबगळे आले, अगदी बैलांच्या पायाशी. मग साळुंक्या. कोतवाल धुऱ्यावरच्या काटक्यांवरून झेपा घेऊ लागले. चालत्या बैलांना यातलं एकही पाखरू भीत नव्हतं. मी नुसता उठून उभा राहिलो असतो तर सगळी उडाली असती.

नीलपंख सगळ्यात शेवटी उतरला. तारेवरून त्याने वखराचे दोन-तीन फेरे पाहून घेतले आणि मग उलटलेल्या ढेकळांतून निघालेल्या नाकतोड्यावर झेपावला. उतरताना पंख उघडले आणि फिका निळा, गडद निळा, पुन्हा फिका असे पट्टे क्षणभर दिसले. ही निळाई रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरतो म्हणून ती दिसते, त्यामुळे ऊन कुठून पडतं यावर सगळं अवलंबून. सकाळच्या तिरप्या उन्हात, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात ती पकडावी लागते. त्या सकाळी मी दीडशेच्या आसपास फोटो काढले आणि तीन ठेवले. साडेआठला ऊन वर आलं, तसा कॅमेरा पिशवीत टाकला.

त्याआधी कित्येक वर्षं माझाही समज होता की प्राण्यापाखरांचे फोटो काढायचे तर मेळघाटात जायचं. मेळघाट आपल्या जिल्ह्याचं वैभव आहे. 1974 पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे जायलाच हवं. पण वर्षातून एकदा दोन दिवस जाणाऱ्याच्या हाती जे लागतं ते नशिबाने. पांदणीवर मी वर्षातल्या चाळीस सकाळी जाऊ शकतो. कुठल्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळा राहतो हे मला आता माहीत आहे, कारण त्या झाडाखाली पांढरे ओघळ असतात आणि त्यानेच ओकून टाकलेल्या, किड्यांच्या कवचांनी भरलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. वेडा राघू माशी पकडून बहुधा त्याच काटकीवर परत येतो आणि तिथेच ती आपटून मग गिळतो. काटकी एकदा ओळखली की त्याच्या मागे धावायची गरज नाही. काटकीवर नेम धरून बसायचं. सातभाईंनी एका झुडपाभोवती कलकलाट मांडला तर खाली साप, मुंगूस किंवा मांजर असण्याची शक्यता मोठी. जून-जुलैत विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे नर खोपे विणायला घेतात. अर्धा खोपा झाला की मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडला तरच तो पुरा होतो. विहिरीच्या काठावरून हे पाहताना पाय जपावा लागतो. कठडे जुने आहेत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते माळटिटवीने. अंजनगाव बारीच्या बाजूला मुरमाड, उघडा माळ आहे. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा याच माळावर माळटिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारून केलेली खोलगट जागा. मातकट रंगाची, काळे डाग असलेली अंडी दोन हातांवरूनही दिसत नाहीत. पहिल्या वर्षी मला ती सापडली तेव्हा हावरेपणाने मी जवळ बसून राहिलो. जोडी दूर उभी राहून ओरडत होती आणि मी तिचे फोटो काढत होतो. वीस मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं, की मी बसलोय तोवर ती अंड्यांवर येणार नाही आणि त्या उन्हात उघडी अंडी शिजतील. मी उठून निघालो. पुढच्या आठवड्यात गेलो तर तिथे काहीच नव्हतं. घोरपडीने खाल्ली की माझ्यामुळे गेली, हे कळायला मार्ग नाही. पण ती वीस मिनिटं माझीच होती आणि त्या सकाळचा एकही फोटो मी कुणाला दाखवलेला नाही.

त्यानंतर विणीच्या दिवसांत मी घरट्याकडे जात नाही, पाण्याकडे जातो. भर दुपारच्या आधी टिटवी डबक्यावर येते, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली अंड्यांवर जाऊन बसते. अंडी उबवण्याइतकंच ती गार ठेवणंही वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तिला करावं लागतं. पोटावरून थेंब गळत असलेल्या टिटवीचा एक फोटो तीन उन्हाळ्यांनंतर मिळाला. मी डबक्यापासून साठ-सत्तर पावलांवर पोटावर पडून होतो आणि तिने माझी दखलही घेतली नाही.

फोटोइतकीच जपून ठेवतो ती वही. तारीख, वेळ, जागा, जवळचं झाड, पाखरू काय करत होतं, एवढं त्याच दिवशी लिहायचं. हे का महत्त्वाचं आहे ते रानपिंगळ्याच्या कथेवरून कळावं. 1884 नंतर हा पिंगळा कुणाला खात्रीने सापडला नव्हता. 1914 साली गुजरातेत मांडवीला आपण तो मारला, अशी नोंद रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज संग्राहकाची होती. ती खोटी निघाली. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर त्याने नवी चिठ्ठी लावली होती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली. खोटी जागा बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी त्या आणि त्यांचे सोबती गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. खऱ्या जागेची एक चिठ्ठी शंभरहून अधिक वर्षांनी उपयोगी पडली.

कोंडेश्वरच्या आणि पोहऱ्याच्या जंगलात बिबट आहेत, अमरावतीत विद्यापीठाच्या परिसरातही दिसतात. मी त्यांच्या मागे जात नाही. मोबाइलवर पाखरांचे आवाज लावून त्यांना बोलावणं, खाणं टाकणं, ढोलीत उजेड पाडणं, हेही करत नाही. जवळचा प्राणी आपल्याला उद्याही दिसायचा असतो, म्हणून आज त्याला छळून चालत नाही.

माळ म्हणजे पडीक, हा शब्दच आपल्याला महाग पडला आहे. अकोला-वाशीम भागातल्या अशाच गवताळ माळांवर तणमोर आहे. पावसाळ्यात त्याचा नर मादीला दिसावं म्हणून गवताच्या वर उंच उड्या मारतो. जगातून नाहीशा होऊ घातलेल्या पाखरांत त्याची गणना होते. तिथल्या फासेपारधी कुटुंबांनी ‘संवेदना’ संस्थेच्या साथीने शिकार सोडून ते गवत राखायला घेतलं. पाखरू कुठे बसतं, कधी उडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? माझ्यासारख्या कॅमेरावाल्याने त्यांच्यापाशी बसून शिकावं असं ते ज्ञान आहे.

अंजनगाव बारीकडच्या माझ्या माळाच्या एका कडेला गेल्या वर्षी लेआउटचे दगड रोवले गेले, चुन्याच्या रेघा पडल्या. घरं बांधू नयेत असं मी म्हणणार नाही, लोकांना घरं हवीत. पण तिथे काय राहत होतं याची नोंद तरी कुठे आहे? माझ्या वहीत आहे, आणखी दोन-चार जणांच्या वह्यांत असेल.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबरचा, मारुती चितमपल्लींचा 5 नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधले दिवस 2020 पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. चितमपल्लींनी आपल्या पाखरांना मराठीत नावं दिली, 2025 च्या जूनमध्ये ते गेले. यंदाच्या त्या आठवड्यात बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर, कुठेही असाल तिथे घरापासून चालत जाता येईल अशा एका धुऱ्यावर एक सकाळ बसा. साध्या मोबाइलने का होईना, एका पाखराचा फोटो काढा आणि त्याखाली तारीख आणि जागा खरी लिहा.