‘कॅश्ड’चा आकडा मोठा? घाबरू नका

देवणीत सातबारा काढायला गेलात आणि केंद्रावरचा संगणक अडखळला, की दोष रॅमवर जातो. टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला तर तो बिघाड नव्हे. रिकामी रॅम वाया जाते; म्हणून विंडोज नुकत्याच वाचलेल्या फायली तिथेच ठेवते आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला गरज पडताच जागा मोकळी करते. खरी अडचण वेगळी. ब्राउझरचे टॅब वाढले, की रॅममधली ४ केबीची पानं डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवावी लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला एक पान शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, रॅमला १०० नॅनोसेकंद: लाखपट फरक! अशा जुन्या यंत्राला एसएसडी बसवली तरी मोठा दिलासा मिळतो. ‘रॅम क्लीनर’ मात्र टाळाच. ते कामाचा साठाच पुसून टाकतात.