पटविणे आणि बाटविणे : एकोणिसाव्या शतकातील मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती धर्मवादांचा एक विचार

बीजसंज्ञा : धर्मचर्चा, मिशनरी कार्य, धर्मांतर, दबाव, विवेकस्वातंत्र्य

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मय किंवा समाजसुधारणा हा विषय पदवीच्या वर्गात शिकविताना ख्रिस्ती मिशनऱ्यांचा उल्लेख टाळता येत नाही. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७), अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यांपैकी कशाचाही विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, त्यांनी लोकांना पटविले की बाटविले?" या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, रुग्णांची सेवा केली, म्हणून त्यांचे कार्य निर्मळ होते, हे पहिले. सेवा हे केवळ आमिष होते, हे दुसरे. दोन्ही उत्तरे हेतूविषयी बोलतात आणि हेतू तर कोणाचाच डोळ्यांना दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. बोलणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ऐकणाऱ्याची स्थिती काय होती, हे तपासले असता पटविणे कोठे संपते आणि दबाव कोठे सुरू होतो, हे अधिक स्पष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) धर्मचर्चा व धार्मिक दबाव या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) मुंबई-पुण्यातील निवडक प्रसंगांच्या आधारे हा भेद तपासणे.
३) अध्यापकाच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध मांडणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

आपल्या परंपरेत चर्चेचे प्रकार फार पूर्वीच वेगळे केलेले आहेत. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन भेद मानले. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडणे ही वितंडा. एकोणिसाव्या शतकातील धर्मवादांत हे तिन्ही प्रकार आढळतात. परंतु तिन्हींमध्ये एक गोष्ट समान असते : समोरच्याला उत्तर देण्याचा अधिकार असतो. दबावात नेमका हाच अधिकार नाहीसा होतो. दाम आणि दंड हे उपाय वादाच्या कक्षेत बसत नाहीत. ते माणसाच्या बुद्धीला आवाहन करीत नाहीत, त्याच्या गरजेला किंवा भीतीला करतात.

यावरून तीन कसोट्या सुचतात. ऐकणाऱ्याला उत्तर देता येते का? त्याला उठून जाता येते का? आणि त्याने 'नाही' म्हटले, तर त्याची किंमत त्याला किती मोजावी लागते?

बरोबरीचा वाद :

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांचा आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपली बाजू 'श्रीहिंदुधर्मस्थापना' या पुस्तकातून मांडली, विल्सन यांनी त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले. त्यानंतर साताऱ्याच्या नारायणरावांनी लेखणी उचलली आणि विल्सन यांना १८३४ मध्ये दुसरे उत्तर लिहावे लागले. पुढे १८४४ मध्ये मोरभटांनी 'उपदेशचंद्रिका' हे मासिकच चालविले. मिशनऱ्यांचे छापखाने होते, पाठीशी राज्यकर्त्यांचा धर्म होता, म्हणून ही लढत सर्वार्थाने समान होती असे म्हणता येणार नाही. तथापि उत्तराला प्रत्युत्तर मिळत होते. मोरभटांना कोणी गप्प केले नाही आणि वाद हरला म्हणून कोणाचे घर बुडाले नाही.

१८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जे वाद केले, तेही याच जातीचे. जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी त्यांचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. विष्णुबावांच्या पक्षाचा 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हा ग्रंथ १८७२ मध्ये आला. दोन्ही पक्षांनी आपापला वृत्तान्त छापला, ही बाब महत्त्वाची आहे. वाचकासमोर आज दोन्ही बाजू आहेत. ज्याला कंटाळा आला तो श्रोता वाळूवरून उठून घरी जाऊ शकत होता.

अशा वादातून धर्मांतर झालेच नाही असे नाही. काशीतील नीलकंठशास्त्री गोरे यांनी आधी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यानंतर, १८४८ मध्ये, स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय आपणांस पटो अथवा न पटो, खंडन करण्याइतका अभ्यास ज्याने केला त्याला बाटविले असे म्हणणे कठीण आहे. याउलट जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकात त्यांनी पाद्र्याच्या तोंडी समाजाची परखड समीक्षा घातली, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पटणे म्हणजे धर्म बदलणेच नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

अज्ञान मुलाचा प्रश्न :

वाद शाळेच्या आवारात शिरला तेव्हा मात्र चित्र बदलले. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला. प्रकरण न्यायालयात गेले. धनजीभाई समजत्या वयाचे आहेत असे मानून न्यायालयाने त्यांना आपल्या इच्छेनुसार जाण्याची मोकळीक दिली. पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे त्यांच्याजवळ राहू लागला. श्रीपत अज्ञान होता. वडिलांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. येथे कसोटी लावून पाहावी. नारायण यांना उत्तर देता येत होते, उठून जाताही येत होते. श्रीपतला यांपैकी काय येत होते? थोरला भाऊ, मास्तर आणि राहते घर हे सर्व एकाच बाजूला असताना लहान मुलाचा होकार हा होकार मानता येत नाही, मग उपदेश कितीही सौम्य शब्दांत झालेला असो.

नकाराची आणि होकाराची किंमत :

श्रीपतची कथा येथे संपत नाही. मुलगा घरी परतला, परंतु ख्रिस्ती लोकांबरोबर अन्नव्यवहार झाल्यामुळे त्याला जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष धरला. त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष आणि बहिष्काराचा त्रास सोसावा लागला. एका अज्ञान मुलाला एकीकडून ओढले गेले आणि दुसरीकडून दार लावून घेतले गेले.

धार्मिक दबावाची चर्चा करताना आपण बहुधा पहिलीच बाजू पाहतो. वास्तविक जो धर्म बदलतो त्याच्यावर आणि जो बदलणाऱ्याला आश्रय देतो त्याच्यावर जातीचा दबाव कमी नव्हता. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा एकविसावा कायदा करावा लागला, यावरूनच त्या दबावाची कल्पना येते. त्या काळच्या सनातनी पक्षाला हा कायदा धर्मांतराचे उत्तेजन वाटला. ज्याची मालमत्ता जाणार होती त्याला तो संरक्षण वाटला. दोघांच्या दृष्टीने पाहिल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही.

शारदा सदन : आश्रय आणि प्रभाव :

सर्वांत अवघड प्रसंग पंडिता रमाबाईंचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील जोगिणी आणि बिशप यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. चर्चच्या मताला निमूटपणे मान तुकविण्यास रमाबाईंनी दिलेला नकार त्यात पानोपानी दिसतो. धर्म स्वीकारला म्हणून विवेक गहाण टाकलेला नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे धार्मिक अधिकाराचा दाब त्यांनी स्वतः अनुभवला होता.

त्याच रमाबाईंवर दहा वर्षांनी दबावाचा आरोप आला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. संस्था कोणत्याही पंथाची नसेल, असे ठरलेले होते. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. रमाबाई आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून, प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने कडक टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी संस्थेशी संबंध तोडला. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू अशी होती की, मी कोणास बोलाविले नाही, परंतु आपली श्रद्धा लपविणार नाही आणि येणाऱ्या मुलीला हाकलणारही नाही. विवेकस्वातंत्र्याच्या दृष्टीने हे म्हणणे निर्दोष आहे. आक्षेपकांची बाजूही पोकळ नव्हती. केशवपनाच्या भयातून सुटून आलेली, माहेर-सासर दोन्ही तुटलेली बालविधवा जिच्या घासावर जगते, जिच्यामुळे अक्षर शिकते, तिची प्रार्थना तिला केवळ 'एक मत' म्हणून ऐकता येईल काय? आज्ञा नसली तरी कृतज्ञता असते आणि कृतज्ञतेलाही वजन असते.

तरीसुद्धा एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. तेथे 'नाही' म्हणता येत होते. शिवाय त्या मुलींना जाण्यासाठी दुसरे दार नव्हते, हा दोष रमाबाईंचा नव्हता. तो समाजाचा होता. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा ते दुसरे दार उघडले. मिशनरी दबावाला त्या काळी मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत सकस उत्तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, हेच होय.

कायदा आणि चर्च :

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचे आचरण आणि प्रसार यांचा हक्क दिला. ओरिसा (१९६७) व मध्य प्रदेश (१९६८) यांनी बळ, प्रलोभन व फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. दुसरीकडे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या मिशनकार्यविषयक आदेशात सक्ती आणि अनुचित आमिष यांचा निषेध आहे. २०११ मध्ये कॅथलिक, प्रॉटेस्टंट व इव्हँजेलिकल संस्थांनी मिळून काढलेल्या निवेदनात गरजूंच्या असहायतेचा गैरफायदा घेऊ नये असे म्हटले आहे. तत्त्वाविषयी फारसा मतभेद उरलेला नाही. अडचण आहे ती ओळखण्याची. बळ दिसते, फसवणूक सिद्ध करता येते. आश्रयाचे वजन मात्र कायद्याच्या तराजूत सहज मावत नाही. आणि प्रलोभनाची व्याख्या सैल केली, तर भुकेल्याला दिलेली भाकरीही गुन्हा ठरू शकते.

निष्कर्ष :

१) धर्मावर टीका करणे, आपला धर्म पटविणे आणि त्याला उत्तर देणे हा वाद आहे. तो कठोर असला तरी दबाव नव्हे.
२) ऐकणारा वयाने, अन्नाने किंवा निवाऱ्याने बोलणाऱ्यावर अवलंबून असेल, तेथे सौम्य शब्दही दबाव होऊ शकतो. म्हणून जबाबदारी आश्रय देणाऱ्याची अधिक.
३) धर्म बदलू न देण्याचा दबाव हाही दबावच आहे. एकाचा निषेध करून दुसऱ्याकडे डोळेझाक करणे न्याय्य नाही.
४) दबावावरचा टिकाऊ उपाय म्हणजे दुर्बलासाठी दुसरे दार उघडणे.

अध्यापक म्हणून चौथा मुद्दा जितका विचारात घ्यावा, तितकाच दुसराही. वर्गात आपल्यासमोर बसलेला विद्यार्थी उठून जाऊ शकत नाही आणि त्याचे गुण आपल्या हातात असतात. 'पटविले की बाटविले' या प्रश्नाला आपले स्वतःचे उत्तर देण्यापूर्वी त्याच्यासमोर मोरभट आणि विल्सन, रमाबाई आणि रानडे अशा दोन्ही बाजू ठेवाव्यात. अन्यथा ज्या दबावाचे विवेचन आपण करीत आहोत, तोच आपल्या हातून घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.