वाकणारा पडदा हवाय?

छंदाच्या प्रकल्पासाठी वाकणारा डिस्प्ले शोधताना आधी ठरवा: त्यावर काय दाखवायचं आहे?

तापमान, नाव, तारीख अशी क्वचित बदलणारी माहिती असेल, तर लवचीक ई-पेपर उत्तम. काचेऐवजी प्लास्टिकवर बनलेला हा पडदा चित्र बदलतानाच वीज खातो. वीज तोडली तरी चित्र टिकतं. वेव्हशेअर कंपनीचा 2.13 इंची, 212 × 104 पिक्सेलचा पडदा आर्डुइनो किंवा रास्पबेरी पायला जोडता येतो. मात्र चित्र बदलायला सेकंद-दोन सेकंद लागतात, त्यामुळे व्हिडिओ विसरा.

हलती, रंगीत अक्षरं हवी असतील, तर डब्ल्यूएस2812बी एलईडींचं लवचीक पॅनेल घ्या. अशा पॅनेलमधले 256 दिवे पूर्ण पांढऱ्या प्रकाशात 5 व्होल्टवर 15 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतात. म्हणून प्रकाश कमी ठेवा आणि वीजपुरवठा स्वतंत्र द्या.

लवचीक ओएलईडी सर्वांत देखणा. पण महाग, आणि त्याला जुळणारा ड्रायव्हर बोर्ड मिळवणं कठीण.

खरेदीपूर्वी डेटाशीटमध्ये किमान वक्रता त्रिज्या पाहा. पडदा एकदाच वळवून बसवा. केबलच्या जोडाजवळ तर मुळीच वाकवू नका. तो सहसा तिथेच तुटतो.