न दुखणारी जखम

मधुमेहींच्या पायाबद्दल एक समज घट्ट बसला आहे: दुखत नाही ना, मग काळजी नको. गफलत इथेच होते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की न्यूरोपॅथी (नसांना इजा होऊन संवेदना मंदावणे) होऊ शकते. तिची सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून. दाराच्या बेलची वायर तुटली की पाहुणा बाहेर उभा असूनही घरात कळत नाही, तसेच हे.

मिरा-भाईंदरमध्ये पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून स्टेशन गाठावे लागते. बुटात शिरलेला खडा, बेचक्यातल्या चिखल्या, टाचेचा फोड; संध्याकाळी मोजा चिकटलेला दिसेपर्यंत पत्ता नसतो. पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्या असतील तर जखम भरायला रक्त अपुरे पडते.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर मोनोफिलामेंट (१० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा) तळव्याला टेकवतात. स्पर्श कळला नाही तर पाय जोखमीचा. उपचारांत मेलेली कातडी काढणे, जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि साखरेवर नियंत्रण हे येतेच. पण जखमेवरचा भार काढणे सर्वाधिक टाळले जाते: पट्टी बांधून माणूस पुन्हा चर्चगेट लोकलला उभा. (सुट्टी कोण देतो, हा प्रश्न खराच.) कुरुपावर ब्लेड चालवणे, गरम पाण्यात पाय बुडवणे नकोच, पाणी किती कढत आहे हे त्या पायाला कळत नाही. पाय लाल, सुजलेला किंवा काळपट दिसला तर, दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.