कंपनीच्या प्रॉक्सीमागे डाउनलोड अडते तेव्हा

बाबासाहेबांनी १९५० साली ज्या मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली, त्या नागसेनवनातून शिकलेली आपली मुले-मुली आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत संगणकावर बसतात. पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते, पायथॉनची अमुक लायब्ररी टाकून घे. कमांड दिली की ती मिनिटभर थांबते आणि 'कनेक्शन टाइमआउट' म्हणते. तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये मात्र उघडते. मग वाटते, आपलेच काहीतरी चुकले. आमच्या ओळखीच्या एका मुलीने असे तीन दिवस घालवले. विचारायला संकोच वाटला. शेवटी सुपरवायझरने 'बेसिक येत नाही' असा शेरा मारला.

चूक तिची नव्हती. बऱ्याच कंपन्यांत संगणक थेट इंटरनेटवर जात नाही. मध्ये प्रॉक्सी नावाचा सर्व्हर असतो. गेटवरचा वॉचमनच समजा, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारा. ब्राउझरला या गेटचा पत्ता विंडोजच्या सेटिंगमधून मिळतो. गिट, एनपीएमसारखी कमांडवर चालणारी अनेक साधने ते सेटिंग पाहतच नाहीत. ती सरळ भिंतीवर जाऊन आदळतात.

म्हणून पत्ता आपण द्यायचा. विंडोजच्या 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये 'प्रॉक्सी' उघडा. सर्व्हरचे नाव आणि पोर्ट दिसेल. पोर्ट बहुधा ८०८० किंवा ३१२८. तिथे नुसती स्क्रिप्टची लिंक असेल, तर खरा पत्ता आयटी विभागाकडून घ्या. तो 'एचटीटीपी प्रॉक्सी' आणि 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' या दोन्ही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये भरा (नावातल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) आणि टर्मिनल नव्याने उघडा. दुसऱ्या व्हेरिएबलमध्येही पत्त्याची सुरुवात बहुधा साध्या 'एचटीटीपी'नेच होते. इथे पुष्कळ जण फसतात. उबंटूवर 'सुडो' लावले की ही व्हेरिएबल सहसा गळतात, त्यामुळे 'अ‍ॅप्ट'ला पत्ता त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये द्यावा लागतो.

४०७ हा आकडा दिसला तर प्रॉक्सी तुमचे नाव आणि पासवर्ड मागते आहे. पासवर्डमध्ये 'अ‍ॅट'चे चिन्ह असेल तर त्याऐवजी टक्क्याचे चिन्ह व पुढे ४० लिहा, नाहीतर पत्ता मध्येच तुटतो. मात्र असा पासवर्ड उघडाच राहतो. सामायिक संगणकावर ठेवू नका.

'सर्टिफिकेट' न पटल्याची तक्रार आली, तर प्रकरण वेगळे. काही कंपन्या सुरक्षित वाहतूकही मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःचे प्रमाणपत्र लावून पुढे पाठवतात. ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो, कारण ते विंडोजमध्ये आधीच बसवलेले असते. अनेक साधने मात्र स्वतःची वेगळी यादी बाळगतात. आयटीकडून कंपनीचे रूट सर्टिफिकेट घेऊन त्याची जागा साधनाला दाखवा. 'तपासणीच बंद करा' हा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल. तो ऐकू नका. मग फाइल खरोखर कुणी दिली हे कळायला मार्ग उरत नाही.

मोबाइलचा हॉटस्पॉट जोडणे सोपे वाटते. अनेक कंपन्यांत तो नियमभंग ठरतो, आणि घरातली पहिली नोकरी त्यापायी घालवणे आपल्याला परवडत नाही.

एवढे करूनही अडले, तर पहिल्याच दिवशी आयटीला ईमेल करा: साधन कोणते, पत्ता कोणता, एरर शब्दशः काय, वेळ किती. तोंडी सांगितलेले उद्या कुणाला आठवत नाही. त्या मुलीने चौथ्या दिवशी असा ईमेल पाठवला. उत्तरात पोर्टचा आकडा आला आणि अर्ध्या तासात काम झाले. शेरा अजून तिच्या फाइलमध्ये आहे.